खेळापूर्वीची गोळी

(बेल्लमपल्ली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वर्धा आणि प्राणहिता यांच्या या काठावर मराठी बोलणाऱ्या माणसांनी दर वर्षी एकत्र जमावे आणि एका खेळाच्या मास्तरांच्या स्मरणार्थ दोन घटका बसून व्याख्यान ऐकावे, याचे मला मोठे समाधान वाटते. राजुरा आणि किनवट हे तालुके 1956 पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्याच्या दफ्तरात नोंदलेले होते. पुढे राज्यपुनर्रचना झाली, सरहद्द सरकली, आणि 2016 पासून तर बेल्लमपल्लीही मंचेरियाल नावाच्या नव्या जिल्ह्यात गेली. परंतु बल्लारशाहून काझीपेठेकडे जाणारे रूळ, त्या रुळांच्या दोन्ही अंगांस पसरलेला कोळसा, आणि तो कोळसा काढावयास चांद्याकडून आलेल्या माणसांच्या घरची भाषा, यांना या फेरफारांची दखल घेण्याचे काही कारण पडले नाही. जुनी माणसे अजून आदिलाबाद जिल्हा असेच म्हणतात, आणि मीही आज तसेच म्हणणार आहे.

खेळाच्या इतिहासाविषयी बोलावे, 1952 साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांची कथा सांगावी, अशी सूचना कार्यवाहांनी पत्रातून केली होती. ती कथा मला प्रिय आहे. परंतु ज्याचे सारे आयुष्य रोग्यांच्या नाडीवर बोट ठेवण्यात गेले, त्याने खेळाडूंच्या ज्या एका सवयीचे परिणाम पुन्हा पुन्हा पाहिले तिच्याविषयी मौन धरून पदकांची कथा सांगत बसावे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटेना. ती सवय अशी, की सामना सुरू होण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घ्यावयाची. दुखते म्हणून नव्हे, दुखू नये म्हणून.

या सवयीची पहिली ओळख मला माझ्याच देहावर झाली. वैद्यकाचा विद्यार्थी असताना चैत्राच्या सुटीत मी एका स्पर्धेत कबड्डी खेळत होतो. पहिल्याच दिवशी एका पकडीत घोटा मुरगळला आणि सुजला. कोणीतरी डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांची एक पट्टी हातात ठेवली. ती कोणी दिली हे सांगण्यात आज काही हशील नाही, कारण ती सद्भावनेनेच दिलेली होती. चार दिवस मी प्रत्येक सामन्याआधी एक गोळी घेत गेलो, बहुधा रिकाम्या पोटी, कारण भरल्या पोटाने चढाई होत नाही अशी आम्हा सर्वांची समजूत होती. घोटा शांत राहिला. पाचव्या दिवशी पहाटे शौचास डांबरासारखे काळे झाले, उठून उभा राहिलो तो डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी अंगणात कोसळलो. जठरातील व्रणातून रक्त वाहत होते, आणि गंमत म्हणावी तर अशी, नव्हे, दुर्दैव म्हणावे तर असे, की पोटात एकदाही कळ आली नव्हती; जिने ओरडून सांगावयाचे, तिचे तोंड मीच बंद केले होते. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी त्या वेळी तीन रात्री माझ्या खाटेशी बसून होते, आणि त्यानंतरच त्यांनी ती वही सुरू केली, जिच्याविषयी मी अखेरीस बोलणार आहे.

ही औषधे देहात नेमके काय करतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कारण ज्याला औषधाचे कार्य ठाऊक आहे त्याला त्याच्या दुष्परिणामांची निराळी यादी पाठ करावी लागत नाही. ॲस्पिरिन हे नाव 1899 सालापासून बाजारात आहे. परंतु ते वेदना कशी शमविते, याचा खुलासा जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1971 साली केला, आणि त्याबद्दल 1982 चे नोबेल पारितोषिक त्यास दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत विभागून मिळाले. इजा झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्या द्रव्यांमुळे सूज येते, ठणका लागतो, ताप चढतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सारी एकाच गोत्राची औषधे त्या द्रव्यांची उत्पत्तीच थांबवितात. इथपर्यंत सर्व उत्तम. परंतु हीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तरास अम्लापासून वाचवितात, आणि हीच द्रव्ये, रक्ताचा पुरवठा घटला असता, मूत्रपिंडात शिरणाऱ्या सूक्ष्म रोहिण्यांची दारे उघडी धरून ठेवतात. गोळीला घोटा कोणता, जठर कोणते आणि मूत्रपिंड कोणते हे कळत नाही. ती सरसकट सर्वत्र उत्पादन बंद करण्याचा हुकूम सोडते, आणि तो हुकूम जेथे सुजेला लागू होतो तेथेच संरक्षणालाही लागू होतो.

आता सामन्याच्या वेळी खेळाडूच्या देहाची स्थिती कशी असते ते पाहा. माणूस स्वस्थ बसलेला असता हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांच्या वाट्यास येतो. तो धावू लागला, झोंबू लागला, की रक्त स्नायूंकडे आणि घामासाठी त्वचेकडे वळते आणि मूत्रपिंडांचा वाटा फार कमी होतो. या भागात वैशाखात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. एका सामन्यात अंगातून लिटरभर पाणी सहज घामावाटे जाते. शिवाय ताणलेल्या, चेचलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि त्याचा निचराही मूत्रपिंडांनाच करावा लागतो. म्हणजे ज्या घटकेस मूत्रपिंडावर कामाचा बोजा सर्वांत अधिक आणि त्यास मिळणारे रक्त सर्वांत कमी, नेमक्या त्या घटकेस ते त्या प्रोस्टाग्लँडिनांच्या आधारावर उभे असते. आणि नेमक्या त्याच घटकेस, अर्ध्या तासापूर्वी घेतलेली गोळी रक्तात पोहोचून तो आधार काढून घेते. घरी निजून राहिलेल्या, पोटभर पाणी प्यालेल्या माणसाने दाढदुखीसाठी घेतलेली तीच गोळी बहुधा निरुपद्रवी असते. माझे सारे म्हणणे या एका भेदावर उभे आहे. औषध तेच, मात्रा तीच. बदलली ती वेळ, आणि वेळ बदलताच औषधाचा गुणधर्म बदलला.

हे केवळ तर्काने सांगितले असे कोणी म्हणू नये. 2010 साली जर्मनीतील बॉन शहरी झालेल्या मॅरेथॉनच्या वेळी सुमारे चार हजार धावकांकडून माहिती घेण्यात आली. त्यांतील जवळजवळ निम्म्यांनी शर्यतीपूर्वीच वेदनाशामक घेतले होते, आणि गोळी घेणाऱ्यांना झालेला उपद्रव न घेणाऱ्यांच्या सुमारे पाचपट होता. नऊ जणांना रुग्णालयात न्यावे लागले: तिघांची मूत्रपिंडे आयबुप्रोफेननंतर काही काळ बंद पडली, चौघांना ॲस्पिरिननंतर पोटात रक्तस्राव झाला, आणि दोघांना ॲस्पिरिननंतर हृदयविकाराचा झटका आला. ज्यांनी काहीच घेतले नव्हते त्यांच्यातील एकासही रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग अधिक काटेकोर होता. वाळवंटांतून आणि डोंगरांतून 80 किलोमीटर धावणाऱ्यांपैकी काहींना दर चार तासांनी आयबुप्रोफेन आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. कोणास काय मिळाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी 34 टक्क्यांच्या मूत्रपिंडांस तात्पुरती इजा झाल्याचे रक्ततपासणीत आढळले, आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांच्या. नुसत्या धावण्यानेही एवढ्यांची मूत्रपिंडे शिणतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शिणलेल्या बैलाच्या गाडीत आणखी एक पोते टाकावे, तसे या गोळीचे होते.

जे धावकांचे, तेच मैदानी खेळांचे. 2010 च्या दक्षिण आफ्रिकेतील फुटबॉल विश्वचषकात संघांच्या वैद्यांनीच दिलेल्या माहितीवरून असे दिसून आले, की 39 टक्के खेळाडू प्रत्येक सामन्यापूर्वी वेदनाशामक घेत होते. फिफाचे तत्कालीन मुख्य वैद्यकीय अधिकारी यिरी द्वोर्झाक यांनी त्यास औषधांचा गैरवापर हाच शब्द लावला. हे जगातील सर्वांत सुदृढ तरुण; त्यांच्या दिमतीला डॉक्टर, मालिश करणारे, आहारतज्ज्ञ; आणि दर पाचांतील दोघे गोळीवाचून मैदानात उतरत नव्हते.

इवान क्लास्निच या क्रोएशियन खेळाडूची हकीकत या संदर्भात मला फार अस्वस्थ करते. तो जर्मनीत वेर्डर ब्रेमेन संघाकडून खेळत होता. 2007 साली त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. आईने दिलेले मूत्रपिंड त्याच्या देहाने नाकारले, मग वडिलांनी दिलेले लागू पडले, आणि पुढच्याच वर्षी तो युरोपच्या स्पर्धेत खेळला आणि त्याने गोलही केला. आपल्या रक्ततपासणीतील धोक्याच्या खुणा संघाच्या डॉक्टरांनी वेळीच ओळखल्या नाहीत आणि वेदनाशामके चालूच ठेवली, अशी त्याची फिर्याद होती. तो दावा वर्षानुवर्षे न्यायालयात चालला आणि शेवटी तडजोडीने मिटला. या हकीकतीतील अचाट धैर्याची स्तुती वर्तमानपत्रांनी पुष्कळ केली. मला मात्र ते आईबाप आठवतात. मुलाच्या खेळासाठी आईबाप पोटाला चिमटा घेतात हे आपण पाहतो. येथे दोघांनी आपापल्या देहातील एकेक मूत्रपिंड काढून दिले.

आपल्याला साक्ष शोधावयास जर्मनीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. येथून ईशान्येस, बेज्जूरच्या जंगलात, पालारापू नावाचा कडा आहे. त्या कड्याच्या कपारींत लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत असल्याचे 2013 साली वनखात्याच्या ध्यानात आले, आणि तेव्हापासून तिची राखण सुरू झाली. ही राखण करण्याची वेळ का आली? ज्या गोळीने माझा घोटा शांत केला तेच डायक्लोफिनॅक गुरांच्या सांधेदुखीसाठी टोचले जाऊ लागले. ते जनावर मेले, गिधाडांनी खाल्ले, आणि दोन-तीन दिवसांत गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडून त्यांच्या काळजावर आणि यकृतावर यूरिक अम्लाचा पांढरा थर साचला. हे कारण 2004 साली प्रथम सिद्ध झाले. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या एवढी घटली, की हजारांतील एक उरले. भारत सरकारने 2006 साली गुरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकरिता वापरल्या जात, म्हणून 2015 साली इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरहून मोठी नसावी असे दुसरे फर्मान काढावे लागले. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, माणसाचे मूत्रपिंड हे औषध पुष्कळ अधिक सोसते, हे मी वैद्य म्हणून स्पष्ट सांगतो. भीती घालण्यासाठी मी हा दाखला दिलेला नाही. परंतु गुरे राखणारी, फासेपारध टाळणारी, शास्त्राचे अक्षर न वाचलेली माणसे या जंगलात ज्या पक्ष्याच्या नाहीसे होण्याने हळहळली, तो पक्षी मूत्रपिंडावाटे मेला आणि त्याचे कारण आपल्या खिशातील पट्टीत होते, एवढे या जिल्ह्यातील खेळाडूस तरी ठाऊक असावे.

आता कोणी तरुण मला विचारील, आणि असा प्रश्न मला अनेकदा विचारण्यात आला आहे, की हे औषध इतके वाईट तर उत्तेजकांच्या निषिद्ध यादीत ते का नाही? प्रश्न रास्त आहे, आणि सर्व घोटाळा या प्रश्नातच आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची यादी खेळातील न्यायाचा जाबता आहे. आरोग्याचा विचार तिच्यात असतो, पण जे जे अपायकारक ते ते तिच्यात नोंदले जाईल असे मुळीच नाही. ट्रामाडॉल हे अफूच्या गोत्रातील वेदनाशामक सायकलस्वारांच्या संघटनेने 2019 साली बंद केले. 2022 च्या टूर द फ्रान्स शर्यतीत सहावा आलेला नैरो किंताना त्याच कारणावरून बाद झाला. आणि 1 जानेवारी 2024 पासून सर्वच खेळांत स्पर्धेच्या वेळी त्यास बंदी आली. गुडघ्यात किंवा खांद्यात टोचले जाणारे स्टेरॉइडही 2022 पासून स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. ज्या तरुणास आपला सांधा टोचून मिळतो, त्यास आपण राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या कारवाईस पात्र होतो याची कित्येकदा कल्पनाही नसते. परंतु आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांना मुभा आहे, आणि ज्यास मुभा आहे ते निर्धोक आहे असा अर्थ मैदानावर केला जातो. सरकारने तंबाखूच्या दुकानास परवाना दिला म्हणून तंबाखू पथ्यकर होत नाही.

वेदनेविषयी या गावात बोलताना मला सेफ्टी लॅम्पची आठवण टाळता येत नाही. हंफ्री डेव्हीने तो दिवा 1815 साली केला, आणि भूगर्भातील खाणीत पाळीच्या आरंभी सरदाराने, म्हणजे पाळीवरच्या मुकादमाने, तो हाती घेऊन कोळसा काढावयाची तोंडे तपासावयाची हा रिवाज येथील कितीतरी घरांना पिढ्यान्‌पिढ्यांचा ठाऊक आहे. मिथेन वायू असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. ती टोपी दिसताच माणसे माघारी आणावयाची असतात. ज्योत मोठी करून, टोपी दिसेनाशी करून, काम पुढे चालविणाऱ्या सरदारास तुमच्यापैकी कोणी एक दिवसही कामावर ठेवणार नाही. मैदानावर वेदनेच्या बाबतीत आपण तेच करतो, आणि करणारास जिगरबाज म्हणतो.

शिवाय सूज ही केवळ सूचना नाही, ती दुरुस्तीची पहिली पायरीही आहे. तुटलेल्या तंतूंची साफसफाई करणाऱ्या आणि नवे तंतू घालण्यास बोलावणे धाडणाऱ्या पेशी त्या सुजेतूनच येतात. ती समूळ दडपली तर हाड सांधण्यास विलंब लागतो असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, आणि दीर्घ धावण्यानंतर स्नायूंची भरपाई करणाऱ्या पेशींची वाढ या औषधांनी मंदावते असे माणसांवरील प्रयोगांतही आढळले आहे. आमच्या तालमींतील वस्ताद मुरगळलेल्या सांध्यास आंबेहळद आणि रक्तबोळ यांचा लेप घालीत, पट्टी आवळीत, आणि पठ्ठ्यास आठ-पंधरा दिवस हौद्याच्या काठावर बसवून ठेवीत. त्या लेपात किती गुण होता याविषयी वाद होऊ शकेल. पंधरा दिवस बसवून ठेवण्यात जो गुण होता त्याविषयी होणार नाही.

येथे एका गोष्टीचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. खेळाडू गोळी घेतो तो मूर्खपणाने नव्हे. दोन दिवसांत पाच सामने ठेवणारे आयोजक, बक्षिसाच्या रकमेकडे डोळे लावून बसलेले घर, क्रीडा कोट्यातून मिळू शकणाऱ्या नोकरीची एकच संधी, आणि आज बसलास तर उद्या तुझी जागा दुसऱ्यास, असे न बोलता सांगणारा संघ, या सर्वांच्या मध्ये तो एकवीस वर्षांचा मुलगा उभा असतो. टेनिसपटू राफाएल नदालने 2022 साली पायाची शीर बधिर करून घेऊन फ्रेंच स्पर्धा चौदाव्यांदा जिंकली. परंतु त्यानंतर लगेच, या मार्गाने मी पुढे खेळणार नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्याला तसे सांगता आले, कारण त्याच्या पदरी तेरा विजेतेपदे आधीच जमा होती. आपल्या मुलाच्या पदरी काय असते? म्हणून नकार देण्याचे ओझे त्या एकट्यावर टाकून मोकळे होणाऱ्या उपदेशकांत मी नाही. ते ओझे आयोजकांनी, मार्गदर्शकांनी आणि आम्ही वैद्यांनी उचलावयाचे आहे.

इतर काही गोष्टी थोडक्यात सांगतो. पॅरासिटामॉल मूत्रपिंडास सौम्य, परंतु दिवसास चार ग्रॅमच्या वर गेले, किंवा त्यासोबत मद्य असले, तर यकृताचा घात करते. आणि सर्दीच्या, अंगदुखीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत ते दडलेले असते, त्यामुळे माणूस नकळत दुप्पट घेतो. ॲस्पिरिनने रक्त गोठण्याची शक्ती आठ-दहा दिवस मंदावते; ज्या खेळात डोक्याला मार लागू शकतो तेथे ही गोष्ट किती गंभीर आहे हे मी वेगळे सांगावयास नको. शस्त्रक्रियागृहातील रक्तदाब वाढविण्याचे मेफेंटरमिन हे इंजेक्शन व्यायामशाळांतून विकले जाते, त्याविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे. तो सरळसरळ गुन्हा आहे.

गुरुजींच्या वहीकडे येतो. तिचा आकार किराणा दुकानातील उधारीच्या वहीएवढा होता. प्रत्येक सामन्याच्या दिवशी प्रत्येक मुलाचे वजन सामन्यापूर्वी आणि सामन्यानंतर ते साध्या काट्यावर करून घेत, आणि जेवढे वजन घटले तेवढे पाणी थोडे मीठ-साखर घालून पुढच्या दोन-तीन तासांत पोटात गेले की नाही हे स्वतः पाहत; वजन घटण्याऐवजी वाढले तर पाणी हात आखडून द्यावयाचे, हेही त्यांनी मला विचारून शिकून घेतले होते, कारण या गोळ्यांनी अंगात पाणी साठून राहते आणि अति पाण्यानेही मेंदूस सूज येऊ शकते. लघवीचा रंग मुलांनी येऊन सांगावयाचा. चहासारखा तांबूस झाला तर त्या मुलाचा पुढचा सामना रद्द, मग तो संघाचा कर्णधार का असेना. आणि गेल्या दोन दिवसांत कोणते औषध घेतले, हे विचारावयाचे. रागावण्यासाठी नव्हे, लिहून ठेवण्यासाठी. प्रथम मुले खोटे सांगत. तीन-चार महिन्यांनी, खरे सांगितल्यावर कोणास शिक्षा होत नाही हे त्यांना पटले, तेव्हा वही खरी होऊ लागली.

ती मूळ वही आता उरलेली नाही. पावसात भिजून तिची पाने चिकटली. मी तशीच एक कोरी वही आज सोबत आणली आहे. पहिल्या पानावर नाव, आधीचे वजन, नंतरचे वजन, लघवीचा रंग आणि घेतलेले औषध असे पाच रकाने आखले आहेत. शेवटचा रकाना गुरुजी तांबड्या शाईने आखीत, मीही तो तसाच आखला आहे. संक्रांतीची स्पर्धा जवळ आली आहे; तेव्हा ही वही आणि सोबत एक वजनकाटा कार्यवाहांच्या स्वाधीन करतो.